पुष्पकाच्या नाकातला वाद

बंगळूरच्या बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या एका गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, 'पुष्पक' विमानाचं पाव मापाचं मॉडेल इंजिनाची वाट बघत उभं आहे. खरं पुष्पक याच शहरात घडलं. तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीचं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढं देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिकांचा हात त्याच्यावर बसला. त्या काळी कंपनीच्या डिझाइनची सूत्रं डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. माणूस आपल्या कोल्हापूरकडचा, गोटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला. मॉडेलच्या मालकांनी फ्यूजलाजच्या आतल्या बाजूला, कापड चढवल्यावर कुणालाच दिसणार नाही अशा जागी, घाटग्यांचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

खऱ्या विमानाचा पंखविस्तार ३६ फूट, म्हणजे मॉडेलचा नऊ. नाकात आडवं, समोरासमोर दोन सिलिंडरांचं बॉक्सर इंजिन बसवायचं, इथवर एकमत आहे. घोडं अडलंय ते कार्ब्युरेटरवर: दोन सिलिंडरांना मिळून एक, की प्रत्येकाला स्वतंत्र?

मालकांना सगळी इमारत मामा म्हणते. त्यांची नोकरी विमानांची इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेली. त्यांची खरीखुरी भाची पुण्यात गाड्यांच्या इंजिनांचं कॅलिब्रेशन करते. ती सुट्टीला आली होती. मला वाटलं होतं, जुना माणूस साधेपणाची बाजू घेईल आणि नवी पोर गुंतागुंतीची. निघालं उलटं. खाली आहे तो त्या वादाचा गोषवारा. चहासाठी झालेले तह गाळले आहेत.

मामा: दोघांना एका ताटात वाढलं की एकाच्या वाट्याला भात जास्त येतो, दुसऱ्याच्या वाट्याला आमटी. एक सिलिंडर कोरडा पडून तापतो, दुसरा ओला राहून विझतो. मग तू नीडल फिरवणार कुणासाठी? तापणाऱ्यासाठी इंधन वाढवलंस की विझणारा आणखी विझतो.

भाची: खऱ्या पुष्पकाचं इंजिन कुठलं होतं, मामा?

मामा: कॉन्टिनेंटल सी-९०.

भाची: सिलिंडर किती?

मामा: चार. कळलं मला तू कुठं निघालीस ते.

भाची: चार सिलिंडर, नव्वद अश्वशक्ती आणि खाली मध्यावर एकच कार्ब्युरेटर. चौघांना एका ताटात वाढणाऱ्या विमानाचं तू मॉडेल करतोयस आणि इथं दोघांना वेगळी ताटं मागतोयस.

मामा: त्या इंजिनाच्या पोटात पेट्रोल जातं. माझ्या इंजिनात मिथेनॉल. एक किलो हवेला पेट्रोल लागतं सत्तर ग्रॅमच्या आसपास. मिथेनॉल लागतं दीडशेच्या वर. वर मिथेनॉलची वाफ व्हायला किलोमागं उष्णता लागते तीही पेट्रोलच्या तिप्पट. गुणाकार कर.

भाची: सातपट.

मामा: सातपट गारवा. इंजिन चालू असताना इनटेकच्या नळीला हात लावून बघ, दमट हवेत बाहेरून घाम येतो. अशा गार नळीत वाफ होणार कशी? थेंब तसेच राहतात, भिंतीला चिकटतात, ओघळतात. मधल्या कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंत वीतभर नळी असली तर कुठल्या बाजूला किती ओघळलं याचा हिशेब कोण ठेवणार? कार्ब्युरेटर सिलिंडरच्या डोक्यालाच भिडवला की नळीच उरत नाही.

(मामांचा हा मुद्दा मला वजनदार वाटला आणि अजूनही वाटतो. सिट्रोएनची टू-सीव्ही आठवा: तिचं इंजिनही दोन सिलिंडरांचं बॉक्सर आणि कार्ब्युरेटर एकच, पण इनटेकची नळी तापवायला शेजारी सायलेन्सरची ऊब दिलेली. लायकमिंगच्या विमान-इंजिनांत तर मिश्रण तेलाच्या गरम सम्पमधूनच वर जातं. म्हणजे एका कार्ब्युरेटरवर भागवणाऱ्यांनी नळी गरम ठेवायची सोय आधी केली होती. मॉडेलच्या इंजिनात ती सोय सहसा नसते.)

भाची: मग मिथेनॉल कशाला? पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक घे. डीएलई-६० घे, नाहीतर मोठं हवं असेल तर डेझर्ट एअरक्राफ्टचं डीए-१००. दोन्ही बॉक्सर, दोन्हींना एकेक वॉल्ब्रो कार्ब्युरेटर आणि जगभर लोक उडवतायत. तिथं दुसरा कार्ब्युरेटर लावायचा म्हटलास तरी लावशील कुठं? दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, क्रँककेसमध्ये पोकळी होते, रीड उघडतो, मिश्रण आत. दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत येतात, तेच मिश्रण दाबलं जाऊन दोन्हीकडच्या पोर्टमधून वर. वाटणी होते ती क्रँककेसमध्ये. गरम, तेलकट, मिनिटाला सहा-सात हजार वेळा घुसळल्या जाणाऱ्या खोलीत. तिथं थेंब टिकेल का?

मामा: टू-स्ट्रोक बॉक्सरबद्दल माझं भांडणच नाही. तिथं एकच हवा. दोन लावणारा मूर्ख.

भाची: मग संपलं.

मामा: कुठं संपलं? टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही सिलिंडर एकदमच फुटतात, प्रत्येक फेऱ्याला. आवाज येतो गवत कापायच्या यंत्राचा. पुष्पक डोक्यावरून जायचं तेव्हा त्याचा आवाज मी पोरगा असताना ऐकलाय. मला फोर-स्ट्रोक पाहिजे. फोर-स्ट्रोक बॉक्सरमध्ये दोघं आळीपाळीनं श्वास घेतात. या फेऱ्यात डावा, पुढच्यात उजवा. सामाईक क्रँककेसची भानगड नाही, मिश्रण सरळ नळीतून व्हॉल्व्हकडं. वाटणी नळीत होते. म्हणून माझी सगळी तक्रार.

इथं दोघंही गप्प झाले. कार्ब्युरेटरच्या वादात माणसं इंजिनाचं नाव घेतात, सीसी सांगतात, अश्वशक्ती सांगतात. पण मिश्रणाची वाटणी नेमकी कुठं होते हे कुणी विचारत नाही. ते कळलं की अर्धा वाद तिथंच मिटतो. उरलेला अर्धा खरा.

भाची: ठीक आहे, फोर-स्ट्रोक. ओ.एस.चं जेमिनी फोर-स्ट्रोकच होतं ना? बॉक्सर, मागं एकच कार्ब्युरेटर, तिथून दोन्हीकडं नळ्या. लोकांनी ते वर्षानुवर्षं उडवलं.

मामा: आणि साइतोनं एफए-१८२चं टीडी काढलं, दोन कार्ब्युरेटरांचं. ते काय गंमत म्हणून?

भाची: तू आळीपाळी म्हणालास, तोच मुद्दा मी माझ्या बाजूनं वापरते. डावा-उजवा समान अंतरानं ओढतात म्हणजे एकच कार्ब्युरेटर असेल तर त्याला प्रत्येक फेऱ्याला एक ओढ मिळते, घड्याळासारखी. त्याला स्थिर काम आवडतं. दोन लावलेस की प्रत्येकाला दोन फेऱ्यांतून एकदा ओढ. मधल्या वेळात हवा थबकते, थोडं मिश्रण उलटं तोंडातून बाहेर फवारतं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धुकं दिसतं ते काय असतं?

मामा: तुझं खरं आहे, पण फक्त समान अंतराच्या इंजिनात. इंग्लंडच्या लेझरची व्ही-ट्विन बघ. तिथं अंतर सारखं नाही, एकाची ओढ दुसऱ्याच्या पाठोपाठ येते. त्यांनी प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर दिला.

भाची: आणि हार्लेनं त्याच असमान अंतरावर कित्येक दशकं एकच कार्ब्युरेटर चालवला.

मामा: चालवला. तिचं आयडलिंग ऐकलंयस कधी?

भाची: लोक त्याच आवाजाचे पैसे देतात, मामा.

बंगळुरात दोन सिलिंडरांचा वाद निघावा आणि आरडी ३५० न निघावी, असं होत नाही. एस्कॉर्ट्सनं ऐंशीच्या दशकात भारतात बनवलेली ही यामाहा: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन कार्ब्युरेटर. तिकडं म्हैसूरच्या आयडियल जावानं ज्या झेक जावा ३५० वरून आपली ट्विन बनवली, त्या जावाला दोन सिलिंडरांत मिळून एकच. दोन्हींचे भक्त अजून शाबूत आहेत. आरडीवाले जे.सी. रोडवर कार्ब्युरेटरचे सुटे भाग धुंडाळतात आणि 'सिंक' (दोन्ही कार्ब्युरेटर सारखे जुळवणं) हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. जावावाले त्यांच्याकडं बघून हसतात आणि किक मारतात.

मामा: आरडी ३५० च्या पिकअपची बरोबरी करणारी गाडी त्या काळात इथं होती का?

भाची: म्हणजे ताकदीसाठी दोन हवेत? मग आकडे बघ. रोटॅक्स ५०३, तुझ्या आवडीचं. इथल्याच राजहंस अल्ट्रालाइट्सच्या एक्स-एअरमध्ये असायचं. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक आणि कंपनी स्वतःच एक कार्ब्युरेटर आणि दोन कार्ब्युरेटर असं दोन्ही द्यायची. एकावर ४६ अश्वशक्ती, दोनावर जवळपास ५०. एका जास्तीच्या बिंग कार्ब्युरेटरची कमाई चार. तुझ्या मॉडेलमध्ये तीही मिळणार नाही, कारण पुष्पक तू फुल थ्रॉटलला उडवणारच नाहीस. खरं पुष्पक डुलत डुलत जायचं.

मामा: ताकद मी मागितलीच कधी?

भाची: मग काय मागतोयस?

मामा: आयडल.

हा शब्द आला आणि पुढचा सगळा वेळ वाद तिथंच घुटमळला. माझ्या मते तो तिथंच घुटमळायला हवा. एक की दोन हा प्रश्न फुल थ्रॉटलचा नाहीच. तिथं हवेचा वेग एवढा असतो की थेंबांना चिकटायला सवड मिळत नाही आणि कुठल्याही मांडणीत इंजिन बरं चालतं. खरी परीक्षा विमान उतरायला येतं तेव्हा: थ्रॉटल खाली, हवा मंद, प्लग गार व्हायला लागलेला आणि ऐन वेळी पुन्हा वर जायची पाळी आली तर दोन्ही सिलिंडर एकदम उठायला हवेत.

मामा: एका कार्ब्युरेटरवर आयडलला काय होतं सांगतो. नळीत वाऱ्याला जोर नाही, ओघळ खाली बसलेला. तू थ्रॉटल उघडतेस, ओघळ एकदम सुटतो आणि ज्या बाजूला जास्त, तो सिलिंडर गुदमरतो. दुसरा बिचारा पहिल्याला ओढत राहतो. ट्विनची लबाडी ही, की एक विझला तरी प्रॉपेलर फिरतच राहतो. खाली उभं राहून तुला कळतही नाही. थ्रॉटल दिल्यावर कळतं, तेव्हा विमान झाडांच्या उंचीला.

भाची: विमानातच बॅटरी ठेव. थ्रॉटल खाली आला की दोन्ही प्लग आपोआप तापतील. बरेच जण करतात.

मामा: विझणारा प्लग पेटता राहील. मिश्रण सुधारलं का?

भाची: आता माझं ऐक. दोन कार्ब्युरेटर म्हणजे हाय आणि लो धरून चार नीडल आणि पाचवी ती थ्रॉटलच्या दोन बॅरलना जोडणारी सळई. फुल थ्रॉटलला एक बॅरल पाव मिलिमीटर कमी उघडलं तर काही बिघडत नाही. आयडलला फट असते जेमतेम मिलिमीटरभर. तिथं पाव मिलिमीटर म्हणजे एका सिलिंडरची हवा एक चतुर्थांश कमी. तू ज्या आयडलसाठी दोन मागतोयस, त्या आयडललाच दोन सगळ्यात जास्त चुकतात.

मामा उठले. शेडच्या कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी एक मिलिमीटरची दोन ड्रिलं आणली. इंजिन मित्राकडून उसनं आणलेलं, दोन कार्ब्युरेटरांचं, लाकडी स्टँडवर कसलेलं. शेजारी एरंडेलाचा वास मारणारी कॅन. त्यांनी एका कार्ब्युरेटरच्या तोंडात ड्रिलचा गुळगुळीत दांडा घातला आणि बॅरल त्याच्यावर अलगद टेकेपर्यंत थ्रॉटल बंद केला. दुसऱ्या बाजूचा दांडा घातला, तो सैल हलत होता. सळईच्या टोकाची लिंक काढून अर्धा फेरा फिरवली, परत बसवली. अजून सैल. आणखी अर्धा. आता दोन्ही दांडे सारख्याच जोरानं ओढावे लागत होते.

मामा: झालं सिंक.

भाची: थंड इंजिनावर झालं. तापल्यावर दोन्ही डोकी बाहेरच्या बाजूला पसरतील, सळईची लांबी तीच. तेव्हा?

मामा: किती पसरतील? केसाएवढी.

भाची: केस किती मिलिमीटरचा असतो, मामा?

याला मामांनी उत्तर दिलं नाही. खिशातून थर्मामीटर काढला, पिस्तुलासारखा, लाल ठिपका टाकणारा. इंजिन पेटवायला गच्चीवर परवानगी नाही (खालच्या मजल्यावरच्या आजींचा आणि मामांचा हा करार जुना आहे), म्हणून रीत नुसती सांगितली: आयडलवर थोडा वेळ चालू ठेवायचं, दोन्ही डोक्यांचं तापमान घ्यायचं, गार बाजूची लो नीडल किंचित कोरडी करायची, पुन्हा मोजायचं. थर्मामीटर नव्हता तेव्हा ओलं बोट लावून चुर्र आवाज ऐकायचे. दोन कार्ब्युरेटर असले की आणखी एक सोय होते: एका बाजूची इंधनाची नळी क्षणभर चिमटायची, त्या बाजूचा आवाज पडायला किती वेळ लागतो ते ऐकायचं, मग दुसरी. एका कार्ब्युरेटरवर ही तपासणी करताच येत नाही.

भाची: आणि विमान साइडस्लिप करत उतरवशील तेव्हा? एक सिलिंडर खाली, एक वर. टाकी मध्ये. खालच्या कार्ब्युरेटरला इंधन आपसूक मिळणार, वरच्याला चढ चढून. आयडलला सायलेन्सरचा दाबही नसतो मदतीला. एक ओला, एक कोरडा. तुझं ताट वेगळं असून उपयोग काय?

मामा: आणि एका कार्ब्युरेटरच्या नळीतला ओघळ साइडस्लिपमध्ये कुठल्या बाजूला जाईल?

भाची: खालच्या.

मामा: मग?

भाची: मग दोन्हीकडं तेच. मान्य.

हा मुद्दा दोघांनी मिळून निकाली काढला. बंगळूरच्या उंचीचा मुद्दाही तसाच सुटला. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर हवा आठ-नऊ टक्के विरळ, तेव्हा मुंबईत लावलेली नीडल इथं ओली वाटणारच, कार्ब्युरेटर कितीही असोत. भाचीचं म्हणणं एवढंच की फिरवायचं काम एकात निम्मं. मामांना ते काम वाटतच नाही.

मामा: खऱ्या विमानाचा दाखला तू दिलास, आता मी देतो. एनएएलचं हंसा-३. इथलंच. २००० साली प्रमाणपत्र मिळालं. इंजिन रोटॅक्स ९१४, चार सिलिंडर बॉक्सर, दोन बिंग कार्ब्युरेटर, दर बाजूला एक. पुष्पक जुनं, हंसा नवं. दोन्ही बंगळूरची. नव्यानं दोन निवडले.

भाची: आणि त्या दोघांच्या मधे बॅलन्स ट्यूब घातली, कारण दोन कार्ब्युरेटर आपापलं वागतात हे रोटॅक्सलाही माहीत होतं. मेकॅनिकला गेज लावून ते जुळवत बसावं लागतं. आयडलला जुळले नाहीत तर गिअरबॉक्स खडखडतो. आणि हंसाची नवी आवृत्ती, २०२१ साली उडाली ती? तिच्यात ९१२ आयएस. कार्ब्युरेटर शून्य. इंजेक्शन.

मामा: म्हणजे एक नाही, दोन नाही...

भाची: सेन्सर आणि ईसीयू. माझ्या नोकरीत मी रोज तेच करते. तुला मॉडेलसाठी तेही मिळेल, पण तुला ते नको असणार.

मामा: नको. त्याला कान लावून काय कळतं?

माझं मत विचाराल तर फोर-स्ट्रोक आणि मिथेनॉल हे दोन्ही कायम असतील तर मामांचे दोन कार्ब्युरेटर बरोबर, फक्त नीडलशी खेळायला ज्याला रविवार रिकामा आहे अशाच माणसाच्या हातात. विमान दुसऱ्या कुणाला उडवायला द्यायचं असेल तर पेट्रोलचं टू-स्ट्रोक, एक वॉल्ब्रो आणि विषय बंद. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दोघांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

भाची: बरं, दोन घे. पण माझी अट. मधली सळई काढून टाक. प्रत्येक बॅरलला स्वतःचा सर्वो. ट्रान्समीटरमध्ये दोघांचे थ्रॉटल कर्व्ह वेगळे देते. इंजिन गरम झाल्यावर आयडलला एकाचं दोन टक्के वाढवायचं असेल तर स्टँडवरच वाढवू, पाना न लावता. डोकी पसरोत नाहीतर आवळोत.

मामा: आणि उडताना एक सर्वो अडकला? अर्धं इंजिन फुल, अर्धं आयडल.

भाची: एकच सर्वो असेल आणि तो फुलवर अडकला तर पूर्ण इंजिन फुल. कुठलं चालेल?

मामा: कुठलंच नाही. ग्लो इंजिन आहे, इग्निशन तोडून बंद करायची सोयही नाही.

भाची: म्हणून तिसरा सर्वो. इंधनाची नळी चिमटायला.

मामा: एका कार्ब्युरेटरपासून सुरू केलंस आणि तीन सर्वोंवर आलीस.

भाची: कार्ब्युरेटर तू वाढवलास.

चिमटा टाकी आणि टी-जोड यांच्या मधल्या नळीवर बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजू एकदम उपाशी राहतील, हे मात्र दोघांनी न भांडता ठरवलं. टी-जोडाच्या पुढच्या दोन नळ्या कापायचं काम भाचीनं स्वतःकडं घेतलं, कारण मामा अंदाजानं कापतात आणि तिला दोन्ही सारख्याच लांबीच्या हव्या होत्या.